सात नंबरचं पंपघर

"परत चार नंबर कोकलला. दर दोन दिवसांनी कोकलतो मेला, आणि खाली उतरून बघायचं कुणी, तर मी. त्र्याऐंशी पायऱ्या!"

भाऊजी हे कुणाला उद्देशून बोलत नव्हते. बेसिनशी उभे राहून, तोंडात ब्रश धरून ते हातातल्या मोबाइलशी बोलत होते. पण घर एवढंसं आणि बेसिन स्वयंपाकघराच्या दारातच, त्यामुळे ते सगळं फेसासकट वहिनीच्या कानात शिरलं.

"काय झालं चार नंबरला?" तिने विचारलं.

"काही झालं नाही, तेच तर. पंप ठणठणीत आहे. अलार्मची वायर उंदरांनी खाल्लीय. सात वर्षं झाली म्हणे. सगळे म्हणतात लक्ष देऊ नका, आणि साहेब म्हणतात एकदा उतरून बघून या."

"मग मांजर पाळा ऑफिसात," आतून सासूबाई म्हणाल्या.

भाऊजींनी अंगठ्याने मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि चार नंबर गप्प झाला. घरबसल्या पंपघराचा पडदा बघता येतो, ही सोय त्यांच्या खात्यात सगळ्यांना होती; पासवर्ड सगळ्यांचा एकच, आणि तो बदलायचा अधिकार फक्त साहेबांना. मग त्यांनी चूळ भरली, नळाखाली पेला धरला, पाणी हुंगलं, एक घोट जिभेवर धरून ठेवला आणि मगच तो पेला आईपुढे ठेवला.

"पाणी पितोस की परीक्षा घेतोस?" सासूबाई म्हणाल्या. गेले दोन महिने हे रोज चाललं होतं. सात नंबरच्या पंपघरावर बदली झाल्यापासून. त्याआधी भाऊजी मुख्य कचेरीत यंत्रं दुरुस्त करत आणि घरी कामाचं अवाक्षर काढत नसत.

वहिनी हसली, डबा पिशवीत टाकला आणि कामावर निघाली.

घरात ती वहिनी होती. कामावर तिला सगळे कोडेबाई म्हणत. संगणकाचं शिक्षण देणाऱ्या एका संस्थेच्या तळघरात तिची खोली होती. एकोणीस वर्षांपूर्वी ती तिथे टायपिंगला लागली. दुसऱ्यांनी टाकून दिलेली माहितीपुस्तकं वाचून, ज्याला त्याला भंडावून सोडून ती संगणक शिकली. नवरा गेला त्या वर्षी तर तिने रात्रंदिवस तेच केलं, कारण पडद्याकडे बघताना रडू येत नाही असा तिचा समज होता. तो खोटा निघाला, पण तोवर शिकून झालं होतं.

संस्था पूर्वी दर वर्षी हॅकिंगची स्पर्धा भरवायची. हॅकिंग म्हणजे इथे चोरी नव्हे. कुणीतरी मुद्दाम भोक ठेवून एक प्रोग्रॅम बनवायचा, स्पर्धकांनी ते भोक शोधून आत शिरायचं आणि आत दडवलेलं एक वाक्य बाहेर आणायचं. त्या वाक्याला फ्लॅग म्हणत आणि त्या अख्ख्या खेळाला कोडं. दोन दिवसांची जत्रा असायची ती. आणि तिसऱ्या दिवशी यंत्रं बंद झाली की कोडी मरायची. ज्यांनी महिनामहिना राबून ती बनवली, त्यांनाही ती नंतर सापडत नसत.

ते कोडेबाईला बघवलं नाही. स्पर्धा बंद पडल्यावर तिने जुने लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह गोळा केले, संस्था सोडून गेलेल्यांना फोन केले, आणि एकेक कोडं उठवून बसवलं. प्रत्येकाला स्वतंत्र डबा, म्हणजे कोडं चालायला लागेल ते सगळं आत आणि बाहेरच्या जगाशी संबंध नाही. प्रत्येक डब्यावर एक कार्ड: कुणी बनवलं, कधी, कसं चालू करायचं, भोक कुठे आहे, उत्तर काय, आणि यातून काय शिकावं. एकशे बारा कोडी झाली होती. कुठल्याही शाळेने, कॉलेजने नाव नोंदवावं आणि डबा आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावा. तिचा नियम एकच होता, आणि तो तिने दारावर चिकटवला होता: मूळ आहे तसंच ठेवायचं, बनवणाऱ्याच्या चुकांसकट. चूक दुरुस्त केली तर पोरं शिकणार कशातून?

एकविसावं कोडं भाऊजींचं होतं. सहा वर्षांपूर्वी तिनेच त्यांना गळ घातली होती, "पाणीपुरवठ्याचं काहीतरी बनवा ना." त्यांनी एका पंपघराचा पडदा बनवला. पंप, टाक्या, क्लोरीनचा डोस कमी-जास्त करायची पट्टी, सगळं हुबेहूब. त्या वर्षी सगळ्यांत जास्त टाळ्या त्याच कोड्याला पडल्या. संग्रहातही सगळ्यांत जास्त तेच उतरवलं जायचं. उद्यापासून शिक्षकांचा नवा अभ्यासक्रम सुरू व्हायचा होता आणि संस्था चालवणाऱ्या सरांनी पहिल्या सत्राला एकवीस नंबरच ठेवला होता. म्हणून डबा धडपणे चालतो ना ते बघायला तिने तो उघडला.

चालला. हिरवा पडदा आला, पाच पंप गोल गोल फिरायला लागले, आणि खाली अलार्मच्या यादीत पहिलीच ओळ होती:

चार नंबर. खोटा अलार्म. वायर उंदरांनी खाल्ली आहे. लक्ष देऊ नये.

कोडेबाई हसली. ही ओळ तिने याआधी दहादा वाचली होती, दर वेळी हसली होती. काय डोकं चालतं भाऊजींचं, उंदीरसुद्धा सोडले नाहीत!

मग भाऊजींचं सकाळचं बेसिनशी चाललेलं बोलणं आठवलं आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

तिने ती ओळ परत वाचली. पडद्यावरचं नाव वाचलं: पंपघर क्रमांक सात. उगीच मान वळवून दाराकडे पाहिलं, दार लावलेलंच होतं. तळघरात पंख्याचा आवाज होता, बाकी काही नाही.

असेल, तिने स्वतःला समजावलं. उंदीर सगळीकडेच असतात. त्यांनी कचेरीत ऐकलेली गंमत घातली असेल. ती उठून पाणी प्यायला गेली. फिल्टरची तोटी दाबली, पेला अर्धा भरला, आणि का कोण जाणे, तो हुंगला. तसाच मोरीत ओतून ती परत जागेवर आली.

तेव्हा तिला ती दुसरी प्रत आठवली.

चार वर्षांपूर्वी ती एकवीस नंबर संग्रहात घालत होती, तेव्हा भाऊजींनी एक मेल पाठवली होती. एकाच घरात राहून मेल, कारण संग्रहाचं काम लेखी असावं हाही तिचाच हट्ट. "वहिनी, एकवीसची नवी प्रत जोडली आहे. जुनी काढून ही ठेवा. जरा नीटनेटकी केली आहे." तिने उत्तर पाठवलं होतं, "भाऊजी, संग्रहात नीटनेटकं नको, मूळ हवं. नियम म्हणजे नियम." त्या दिवशी जेवताना ते परत म्हणाले होते, ठेवा ना ती नवी. तिने भाताचा डाव हातात घेऊन त्यांना संग्रह म्हणजे काय यावर व्याख्यान दिलं होतं. ते हसले होते. विषय संपला होता. नियमाप्रमाणे नवी प्रत मात्र तिने फेकली नव्हती, बाजूला ठेवून दिली होती.

तिने दोन्ही प्रती शेजारी-शेजारी लावल्या आणि फरक काढायला सांगितलं. हे तिचं रोजचंच काम. चार हजार दोनशे ओळी. यंत्राने क्षणभर विचार केला आणि एकच ओळ लाल करून दाखवली.

आत शिरायचा पासवर्ड. तेवढाच बदलला होता. बाकी सगळं अक्षर न अक्षर तेच.

चार वर्षं तो माणूस काय सांगत होता ते तिला आत्ता ऐकू आलं. त्यांनी पडदा बनवला नव्हताच. कचेरीत दुरुस्तीला आलेल्या खऱ्या पंपघराच्या यंत्राची प्रत उचलली होती, स्पर्धेच्या आदल्या दिवसापर्यंत पासवर्ड बदलू म्हणाले असतील आणि राहून गेलं असेल. कोडं बनवणारे नेहमी असंच करतात, आधी खरं घेतात आणि मग खोटं करू म्हणतात. एकशे बारा कार्डं लिहून तिला हे पाठ होतं.

तिने एकवीसचं कार्ड उघडलं. आपल्याच भाषेत, आपल्याच ठसक्यात लिहिलेलं होतं: "यातून काय शिकावं: यंत्र बसवणाऱ्याने दिलेला पासवर्ड लोक वर्षानुवर्षं बदलत नाहीत." खाली उत्तर. ज्याने उतरवलं त्याला सगळं ताटात वाढलेलं. उतरवणारे: तीनशे अठरा.

आणि मग, नको नको म्हणत असताना, तिने संग्रहाच्या मेलपेटीत एक पत्र शोधलं. एकोणीस दिवसांपूर्वी आलेलं पत्र, खाली नाव नाही. "एकविसावं कोडं फार आवडलं. एक विचारायचं होतं. हे सात नंबरचं पंपघर कुठल्या गावात आहे?" तिने मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं, "अहो, सगळं काल्पनिक आहे!" पुढे हसरा चेहरा. त्यावर दुसऱ्याच दिवशी एका शब्दाचं उत्तर आलं होतं.

"नक्की?"

त्या वेळी तिला वाटलं होतं, काय चौकस विद्यार्थी आहे.

पंपघराचा खरा पडदा उघडून तोच पासवर्ड टाकून बघायचा, पाच सेकंदांचं काम. लागला तर लागला, नाही लागला तर सुटलो. तिने बोटं कळांवर ठेवली. जन्मभर ज्या पोरांना ती सांगत आली, की परवानगीशिवाय दुसऱ्याच्या दाराची कडीसुद्धा वाजवायची नाही, त्यांचे चेहरे डोळ्यांपुढे आले. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण हे, की लागला असता तर तिला माहीत झालं असतं.

तिने हात काढून घेतला आणि एकवीस नंबर संग्रहातून काढून टाकला.

पाच मिनिटांत सर जिना उतरून आले. "ताई, एकवीस दिसत नाही यादीत."

"काढलंय, सर."

"काढलंय? उद्याचं पहिलं सत्र त्याच्यावर आहे. चाळीस शिक्षक येतायत."

"डबा नीट चालत नाही."

सर तिच्या खांद्यावरून वाकले. डबा समोर सुरेख चालला होता. पाच पंप फिरत होते. शेजारी दोन प्रती आणि मध्ये ती लाल ओळ. सर हुशार माणूस. त्यांनी चष्मा काढला आणि गरज नसताना पुसला.

"तुमचे दीर पाणीपुरवठ्यातच आहेत ना अजून?"

"हो."

"कुठे असतात हल्ली?"

तिने नजर पडद्यावरच ठेवली. सरांनी पडद्यावरचं नाव वाचलं आणि चष्मा परत चढवायला त्यांना जरा वेळ लागला.

"डबा बिघडला असेल तर बिघडला म्हणा," ते म्हणाले. "मी सत्र बदलतो. बाकी मला काही सांगू नका, ताई. म्हणजे, मला माहीत असायची काही गरज आहे का?"

"नाही, सर."

"मग झालं तर." आणि एवढे जाडजूड सर जिना चढून गेले तेव्हा पावलांचा आवाजही झाला नाही.

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली. रस्ता रोजचाच होता, आणि त्या दिवशी तो तिला बघवेना. न्हावी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर फवारा मारत होता. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावर एक बाई बाटली भरून घेत होती, भरता भरता दुसऱ्या हाताने मुलीचं तोंड धुवत होती. दवाखान्याच्या मागच्या भिंतीवरून मोठी निळी नळी आत गेली होती. इतकी वर्षं ती नळी तिला दिसली नव्हती. एखादा क्लोरीनची पट्टी सरकवेल. एवढंच. गंमत म्हणून, बघू काय होतं म्हणून. पोरांना वाटेल कोडंच आहे. फ्लॅग मिळेना म्हणून ते पट्टी आणखी सरकवतील.

भाऊजींची पाळी दोनची होती. ते शर्टाला इस्त्री करत होते. ती चपला न काढताच आत आली.

"आज लवकर?" ते म्हणाले.

"एकवीस नंबर काढला मी."

इस्त्री थांबली. खाली शर्ट होता. त्यांना उचलायचं सुचलं नाही, तिनेच पुढे होऊन ती उभी केली. शर्टावर पिवळा डाग पडला होता.

"दोन्ही प्रती लावून बघितल्या," ती म्हणाली.

"मी तुम्हाला नवी दिली होती."

"का ते नव्हतं सांगितलं."

"तुम्ही ती ठेवली असतीत, तर..."

"तुम्ही बोलला असतात, तर..."

पुढे काय आहे ते दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्याला वळसा घालून उभे होते. तिने विचारायचं होतं एकच. तोंडाशी आलेलं तिने गिळलं आणि भलतंच विचारलं.

"म्हणून सात नंबरवर बदली मागून घेतलीत?"

त्यांनी मान डोलावली. "तिथे असलो तर निदान डोळ्यांसमोर राहील म्हटलं. डोस हलला तर कळेल. पाळी नसेल तेव्हा मोबाइलवर बघतो. झोपेतसुद्धा बघतो, वहिनी."

"आणि रोज पाणी हुंगता."

"दुसरं काय करू?"

कुणीतरी विचारत होतं त्या पत्राचं तिने सांगितलं. तो एक शब्दही सांगितला. भाऊजी पलंगाच्या कडेवर बसले. पन्नाशीचा माणूस, पण बसले ते तिच्या लग्नाच्या वेळी होते तेवढे लहान होऊन, शाळेतून चिठ्ठी आणलेल्या पोरासारखे. तिच्या नवऱ्यामागे या घराला त्यांनी खांदा दिला होता. स्वतःचं लग्न राहून गेलं, त्याचा कधी उच्चार केला नव्हता. त्यांची नोकरी जाईल. कदाचित नोकरीवर भागणारही नाही. आणि गळ घालणारी ती, नियम सांगणारी ती, कार्डावर उत्तर लिहिणारीही तीच.

दारात सासूबाई उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

"कुणाचं काय झालंय?"

"काही नाही, आई," दोघं एकदम म्हणाले.

सासूबाईंनी एकाकडून दुसरीकडे पाहिलं. या वयात त्यांना ऐकू कमी यायचं, कळायचं मात्र सगळं. "मग मी मोठी पातेली भरून ठेवू का?" त्यांनी हळूच विचारलं. "आत्ताच? नळ चांगला आहे तोवर?"

कोडेबाईने पिशवी परत खांद्याला लावली.

"चला, भाऊजी."

"कुठे?"

"साहेबांकडे. मीही येते."

"वहिनी, तुमचं सगळं बंद करतील. एकशे बारा कोडी. तुम्हालाही आत ओढतील."

"ओढू देत. दुसरा शर्ट घाला."

साहेबांची खोली पंपघराच्या वरच्या मजल्यावर होती. पायाखाली पंपांची घरघर जमिनीतून पोटऱ्यांत चढत होती. साहेब निवृत्तीला आलेले, गोलमटोल, बोलघेवडे. दीर-भावजय जोडीने आलेली बघून खूश झाले.

"या या! आज घरची मंडळी? याची तक्रार घेऊन आलात का काय? पाण्यात नाक घालून बसतो म्हणून?" स्वतःच हसले. चहा मागवला.

त्यांच्या मागच्या भिंतीवर मोठा हिरवा पडदा होता. कोडेबाईने त्याकडे पाहिलं. पाच पंप. त्याच टाक्या, तोच निळा रंग, पट्टी त्याच जागी. सकाळी तिच्या तळघरात हेच चाललं होतं. फक्त इथे खाली खरं पाणी होतं. क्लोरीनपुढे आकडा होता: शून्य पूर्णांक सहा.

"बोल रे, काय काम काढलंस?"

"साहेब, ते... रजेचं जरा बोलायचं होतं," भाऊजी म्हणाले.

"रजा? दोन महिन्यांत एक दिवस घेतली नाहीस, घे की! कितीची हवी?"

"बघतो, साहेब. म्हणजे, ठरलं नाही."

चहा आला. साहेबांनी निवृत्तीनंतर काय काय करणार ते सांगितलं. भाजी लावणार, गुडघ्याचं ऑपरेशन करून घेणार. भाऊजी हो हो म्हणत होते. त्यांच्या कपाळावरून घामाचा ओघळ कानापर्यंत गेला होता. पडद्यावरचा आकडा बदलला. शून्य पूर्णांक सात.

हे रोज होतं का? सहाचे सात होतात का आपोआप? तिला माहीत नव्हतं. तिने भाऊजींकडे पाहिलं. त्यांनीही पडद्याकडेच पाहिलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं, त्यांनाही नक्की माहीत नाही. दोन महिने प्रत्येक सहाच्या साताला हा माणूस असाच मरत आला होता.

साहेब गुडघ्यावरून नातीवर आले. आठवीच्या परीक्षेत पहिली आली होती. कोडेबाईने कप खाली ठेवला. आता आपणच बोलायचं. तिने तोंड उघडलं. एवढी एकशे बारा उत्तरं लिहून ठेवणारी बाई, आणि तिला एक वाक्य येईना.

"काय हो, चहा आवडला नाही?" साहेबांनी विचारलं. "अरे, तुम्ही दोघांनी तर घोटही घेतला नाही."

भाऊजी उभे राहिले. उभं राहायचं कारण नव्हतं, पण राहिले. हात शर्टाच्या कडेला पुसले.

"साहेब, सात नंबरची पूर्ण प्रत मी सहा वर्षांपूर्वी बाहेर नेली. स्पर्धेसाठी. पासवर्डसकट. तीनशे अठरा लोकांकडे आहे ती."

साहेबांचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं. "कुठला पासवर्ड?"

"आपला," भाऊजी म्हणाले. "तो अजून तोच आहे."